कथाकार, त्याचा चरितार्थ आणि त्याचा वाचक

(सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वेंगुर्ल्याहून रेडीच्या वाटेला लागले म्हणजे आधी आरवली लागते. तेथील वेतोबाला केळीचे घड आणि वीतभर नव्हे तर हातभर लांबीच्या चामड्याच्या वहाणा वाहण्याची प्रथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. आरवलीला लागूनच शिरोडा, तेथील मिठागरे आणि तो सुरूच्या बनामागचा किनारा. शिरोड्याहून थोडे आत सावंतवाडीच्या बाजूस वळले की आजगाव. एका सकाळी पायी फिरून येता येईल एवढाच हा टापू. पण मराठी कथावाङ्मयाचा इतिहास लिहावयाचा झाला तर या तीन गावांना वगळून तो पुरा होणार नाही. मराठीतील पहिला दिवाळी अंक काढणारे संपादक मूळचे आजगावचे, ज्ञानपीठ पुरस्काराचे पहिले मराठी मानकरी अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते आणि 'सारे प्रवासी घडीचे' लिहिणारे जयवंत दळवी आरवलीचे. आणखी थोडे उत्तरेस सरकले तर तेंडोलीच्या बागलांची राई येथे जन्मलेले आणि कुडाळला खाणावळ चालविणारे चिं. त्र्यं. खानोलकर भेटतात.

या चौघांच्या वाङ्मयाची थोरवी सांगण्यासाठी आजचे व्याख्यान योजलेले नाही. ती थोरवी शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून आपल्यापर्यंत पोहोचलेली आहे. येथे विचार करावयाचा तो थोड्या व्यावहारिक प्रश्नाचा. कथा-कादंबरी लिहिणारा माणूस कोणाच्याही पदरी नसतो. त्याला आश्रयदाता राजा नाही आणि ठरलेले वेतनही नाही. मग तो जगतो कशावर, लिहितो केव्हा, त्याचे हस्तलिखित छापखान्यापर्यंत जाते कसे आणि छापलेले पुस्तक वाचकाच्या हाती पडते कसे? प्रतिभा ही दैवी देणगी असेल. पण हस्तलिखितापासून वाचकापर्यंतची वाट मात्र माणसांनी बांधलेली असते आणि तिची डागडुजीही माणसांनाच करावी लागते.

आरंभ आजगावपासून करू. काशीनाथ रघुनाथ आजगावकर यांना मराठी वाचक 'का. र. मित्र' या नावाने ओळखतो. बंगाली वाङ्मयाच्या ओढीने त्यांनी 'मित्र' हे बंगाली आडनाव धारण केले. मुंबईस जाऊन १८९५ साली त्यांनी 'मासिक मनोरंजन' सुरू केले आणि १९०९ साली मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला. आज दिवाळीच्या फराळाइतकाच दिवाळी अंक आपल्याला स्वाभाविक वाटतो. परंतु सणाच्या निमित्ताने घरात एक वाङ्मयीन अंक यावा ही कल्पना कोणाला तरी प्रथम सुचावी लागली, आणि ती सुचलेला माणूस आपल्या मातीतला होता. या कल्पनेने मराठी कथाकाराला काय दिले, याचा विचार सहसा होत नाही. तिने त्याला वर्षातून एक ठरलेली मुदत दिली. ज्येष्ठ-आषाढात संपादकाचे पत्र यावे, श्रावण-भाद्रपदात कथा लिहून व्हावी आणि आश्विनात ती हजारो घरांत पोहोचावी, असे हे ऋतुचक्र गेले शतकभर चालत आले आहे. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, लावणी उरकलेली असते आणि घराबाहेर पडवत नाही. मराठीतील कितीतरी उत्तम कथा अशा दिवसांत कंदिलाच्या उजेडात लिहिल्या गेल्या असतील, हे कोकणी माणसास निराळे सांगावयास नको.

शिरोड्याचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. विष्णु सखाराम खांडेकर मूळचे सांगलीचे. त्यांचा जन्म ११ जानेवारी १८९८ चा आणि पाळण्यातले नाव गणेश आत्माराम. सावंतवाडीजवळच्या नानेली येथील चुलत्यांकडे दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडावे लागलेला हा तरुण १९२० साली शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाला आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिला. त्या काळचे शिरोडे डोळ्यांसमोर आणावे. वीज नाही. मुंबईशी संबंध आगबोटीने, आणि पावसाळ्यात ती वाहतूकही बंद. शाळेची आर्थिक स्थिती बेताचीच. त्यामुळे शिक्षकाचे वेतनही बेताचे. अशा गावी राहून दिवसा वर्ग घ्यावयाचे, वह्या तपासावयाच्या आणि उरलेल्या वेळात लिहावयाचे, हा खांडेकरांचा क्रम होता. सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकातून त्यांनी लेखन केले. 'हृदयाची हाक' ही पहिली कादंबरी १९३० साली आली. शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तेच हे वर्ष. पाठोपाठ 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का' अशी पुस्तके निघाली. १९३६ साली मास्टर विनायकांच्या 'छाया' या बोलपटाचे लेखन केले तेव्हाही ते शिरोड्याचे शिक्षकच होते. पुढे चित्रपटाने दुसरे उत्पन्न दिले आणि १९३८ मध्ये ते कोल्हापूरला गेले.

येथे उपस्थित असलेल्या शिक्षकबंधूंनी व भगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाळेच्या वेतनाने खांडेकरांना श्रीमंत केले नाही. पण एका मोठ्या काळजीतून मुक्त केले. पुस्तक खपले नाही तरी चूल पेटणार होती. म्हणून काय लिहावे हे त्यांना स्वतः ठरविता आले. रूपककथेसारखा त्या वेळी अपरिचित वाङ्मयप्रकार ज्याला रुजवावयाचा आहे, त्याने केवळ बाजारावर विसंबून चालत नाही. शाळेने त्यांना याखेरीज आणखी काही दिले ते म्हणजे माणसे. त्यांच्या कादंबऱ्यांतून पुन्हा पुन्हा भेटणारा ध्येयवादी शिक्षक आणि गरिबीशी झगडणारे कुटुंब यांची ओळख त्यांना ग्रंथांतून करून घ्यावी लागली नाही.

असे असूनही एक नवलाची गोष्ट आहे. अठरा वर्षे खांडेकरांच्या कानांवर मालवणी पडत होती. त्यांच्या कादंबरीची भाषा मात्र अलंकृत, सुभाषितांनी नटलेली आणि पुस्तकी मराठीच राहिली. याउलट तारुण्यातच गाव सोडून मुंबईस स्थिरावलेल्या दळवींच्या पानापानांतून आरवलीची बोली, तिच्या शिव्याशापांसकट आणि मायेसकट, वाहते. जो गावात राहिला त्याने गावापलीकडचे आकाश लिहिले. जो गावाबाहेर पडला त्याला गावाचा आवाज दूरून अधिक स्पष्ट ऐकू आला. यात कोणा एकाची पद्धत बरोबर ठरत नाही. खांडेकरांना पुणे, नागपूर, इंदूर, इतकेच नव्हे तर अनुवादांतून तमिळ आणि गुजराती वाचकांपर्यंत जावयाचे होते आणि ते गेले. परंतु आज आपल्या शाळांतून कथा लिहू पाहणाऱ्या मुलाला 'शुद्ध' भाषेत लिहावयास सांगताना शिक्षकाने क्षणभर थांबावे, एवढे यावरून सुचते. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही दळवींनी कुशलतेने वापरलेली वाट त्या मुलालाही मोकळी असली पाहिजे.

खानोलकरांची कहाणी अधिक कष्टाची आहे. ८ मार्च १९३० हा त्यांचा जन्मदिवस. कुडाळची खाणावळ हा त्यांच्या कुटुंबाचा चरितार्थ होता आणि तो व्यवसाय काही बरकतीला आला नाही. वेतनाची हमी खांडेकरांना होती, ती यांना नव्हती. तरीही कवितेचे कागद टपालाने मुंबईस जात राहिले आणि १९५४ साली 'सत्यकथा' मासिकात 'आरती प्रभू' या नावाने त्यांची कविता प्रसिद्ध झाली. कुडाळच्या खाणावळीत बसलेल्या, कोणत्याही वाङ्मयीन वर्तुळात नसलेल्या तरुणाला एका संपादकाने केवळ टपालातून ओळखावे, ही घटना लहान नाही. १९५९ मध्ये 'जोगवा' हा पहिला काव्यसंग्रह निघाला, त्याच वर्षी ते मुंबईस आले आणि त्यांना आकाशवाणीत काम मिळाले. पुढे 'रात्र काळी, घागर काळी', 'अजगर', 'कोंडुरा' या कादंबऱ्या आल्या. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील कोंडुरा आणि त्याच्याभोवतीचे भयमिश्रित लोकश्रद्धेचे वातावरण त्या कादंबरीत असे उतरले आहे की १९७८ साली श्याम बेनेगल यांना त्यावर चित्रपट करावासा वाटला. तो पाहण्यास लेखक हयात नव्हते. २६ एप्रिल १९७६ रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, १९७८ साली.

'सत्यकथे'चा उल्लेख झाला म्हणून संपादनाविषयी चार शब्द. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाशी पत्रव्यवहार करीत, कथेतील कच्चे दुवे दाखवून देत, पुनर्लेखन सुचवीत. कित्येक लेखकांना ही कडक परीक्षा वाटे. काहींना तर ते दार आपल्यासाठी बंदच आहे असे वाटे, आणि ती तक्रार अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. १९६९ साली राजा ढाले यांनी 'सत्यकथे'ची होळी केली ती याच असंतोषातून. त्याच दशकात लघुनियतकालिकांच्या चळवळीने पदरमोड करून, कधी चक्रमुद्रित पानांवर, आपले साहित्य आपणच प्रसिद्ध केले. स्वतंत्र लेखक हा शब्द कोणाला पूर्णार्थाने लावावयाचा असेल तर या मंडळींना लावावा. मात्र त्यांनीही एकमेकांचे लेखन वाचले, त्यावर वाद घातले. १९८२ साली 'सत्यकथा' बंद झाली. आज भ्रमणध्वनीवर लिहिलेली कथा त्याच रात्री शेकडो लोकांना पाठविता येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे कौतुकही होते. ही सोय मोठीच आहे; मालवणच्या मुलाला मुंबईच्या टपालाची वाट पाहावी लागत नाही. उणीव आहे ती कथा दोनदा वाचून 'येथे काहीतरी राहिले आहे' असे सांगणाऱ्या माणसाची. ती उणीव गावातला एखादा जाणता शिक्षक भरून काढू शकतो, आणि त्यासाठी कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही.

आता जयवंत दळवींकडे वळू. १४ ऑगस्ट १९२५ चा त्यांचा जन्म. वृत्तपत्रांत उमेदवारी केल्यानंतर त्यांनी अनेक वर्षे अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबई कचेरीत नोकरी केली. म्हणजे येथेही दुसरा चरितार्थ आहेच. मुंबईच्या झोपडपट्टीवरील 'चक्र' १९६३ साली आणि आरवलीच्या माणसांवरील 'सारे प्रवासी घडीचे' १९६४ साली, अशी दोन टोके त्यांनी लागोपाठच्या दोन वर्षांत गाठली. पुढे 'संध्याछाया', 'बॅरिस्टर', 'पुरुष' ही नाटके रंगभूमीवर गाजली आणि 'चक्र'वर १९८१ साली चित्रपट निघाला.

आजच्या विषयाच्या दृष्टीने मात्र दळवींचे निराळेच एक काम लक्षणीय आहे. गिरगावातील मॅजेस्टिकचे केशवराव कोठावळे यांनी १९६४ च्या जानेवारीत 'ललित' हे ग्रंथव्यवहाराला वाहिलेले मासिक सुरू केले. त्यात 'ठणठणपाळ' या नावाने दळवी सदर लिहीत. वसंत सरवटे यांची चित्रे त्याच्या जोडीला असत. लेखकांचे मानापमान, प्रकाशकांच्या क्लृप्त्या, सत्कारसमारंभ, परस्परांच्या पाठी थोपटण्याची प्रथा या साऱ्यांची ठणठणपाळाने यथेच्छ टिंगल केली. स्वतः जयवंत दळवीही त्यातून सुटले नाहीत. आडोशामागून लिहिणारा माणूस बहुधा दुसऱ्यावर घाव घालतो आणि स्वतःला झाकतो. दळवींनी स्वतःलाही पुढे केले, म्हणून त्या थट्टेला विष चढले नाही. योगायोग असा की आज ज्या चौघांचा विचार आपण करीत आहोत, ते सारेच दुसऱ्या नावाने वावरले. आजगावकरांचे मित्र झाले, खानोलकरांच्या आरती प्रभू झाल्या, खांडेकरांनीही आरंभी 'कुमार' या नावाने लिहिले. लहान गावात प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखतो. तेथे लिहिणाऱ्याला दुसरे नाव घ्यावेसे वाटले तर ती हौस नसून गरजही असू शकते.

हे झाले लेखकाचे. आता पुस्तकाच्या अर्थव्यवहाराकडे पाहू, कारण त्याविषयी नवलेखकांचे आणि कधी कधी आपल्या अधिकाऱ्यांचेही गैरसमज असतात. मराठी कादंबरीची आवृत्ती एके काळी साधारणपणे हजार-अकराशे प्रतींची असे. आता ती पाचशे प्रतींची किंवा त्याहूनही लहान असते. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे, आवृत्ती ५०० प्रतींची आहे आणि लेखकाचे मानधन दहा टक्के ठरले आहे. साऱ्या प्रती विकल्या गेल्या तर लेखकास मिळतील १५,००० रुपये, आणि साऱ्या प्रती विकल्या जाण्यास दोन-तीन वर्षे लागणे हे काही आश्चर्य नव्हे. कादंबरी लिहिण्यास लागलेली दोन-तीन वर्षे निराळीच. हे गणित पाहिले म्हणजे शिक्षकी, आकाशवाणी, कचेरी ही नावे वरील चरित्रांत पुन्हा पुन्हा का येतात, त्याचा उलगडा होतो. पुष्कळदा तर लेखक स्वतःच खर्च देऊन पुस्तक छापून घेतो आणि घराच्या माळ्यावर गठ्ठे ठेवतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु ते पुढे कोठे जावयाचे, याचा विचार छपाईपूर्वी व्हावा.

कायद्याने लेखकास दिलेले संरक्षणही त्याला ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखन पुरे होताच त्याचा हक्क लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणीची अट नाही. हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. खांडेकर आणि खानोलकर दोघेही १९७६ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या ग्रंथांचे हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना दिले असतील त्यांच्याकडे राहतील. प्रकाशकाशी केलेल्या करारात हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलेले नसेल, तर ते पाच वर्षांसाठी दिले असे कायदा मानतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. सही करण्याआधी एवढी दोन कलमे जरी लेखकाने वाचली तरी पुढील पुष्कळ मनस्ताप वाचेल. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशित पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि एकेक प्रत आणखी तीन ग्रंथालयांस प्रकाशकाने पाठवावयाची असते. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणारा लेखक हा या अर्थी प्रकाशकच होय. त्याने या प्रती पाठविल्या तर गावात लिहिलेले ते पुस्तक देशाच्या ग्रंथसंग्रहात राहते. पहिल्या पुस्तकासाठी नवलेखकांना अनुदान देण्याची योजना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने दीर्घकाळ चालविली आहे. तिची माहिती तालुक्याच्या ठिकाणी, महाविद्यालयांच्या सूचना फलकावर क्वचितच लागलेली आढळते.

आणि आता ग्रंथालये. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली अ, ब, क आणि ड वर्गांत मान्यता मिळालेली आणि शासनाचे अनुदान घेणारी ग्रंथालये राज्यात अकरा हजारांच्या आसपास आहेत. या आकड्याशेजारी मघाची पाचशे प्रतींची आवृत्ती ठेवून पाहावी. वीस ग्रंथालयांमागे एकाने जरी एखादी कादंबरी घेतली तरी आवृत्ती संपते. मग ती का संपत नाही? कारण खरेदीच्या वेळी पुस्तकाची निवड होण्याऐवजी पुष्कळदा सवलतीच्या दराची निवड होते. अनुदान वर्षअखेरीस हाती पडते, हिशेब पुरा करावयाचा असतो, आणि विक्रेत्याने बांधून दिलेला गठ्ठा तसाच कपाटात जातो. ग्रंथपालाला मिळणारे मानधन पाहता सारा दोष त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु व्यवस्थापन समितीने वर्षातून एक बैठक केवळ पुस्तके निवडण्यासाठी घेतली, तीत गावातील दोन शिक्षक आणि वाचणाऱ्या दोन भगिनी बोलाविल्या, तर अनुदानाचा पैसाही वाढवावा लागत नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. वाचनाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर एकोणिसाव्या शतकातले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर देवगडच्या पोंभुर्ल्याचे. ही परंपरा केवळ जयंत्या साजऱ्या करण्यापुरती उरलेली नाही. प्रवीण बांदेकर सावंतवाडीत राहून, इंग्रजीचे अध्यापन करीत लिहीत आले आणि त्यांच्या 'उसवण' या कादंबरीस २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे लिहिण्यासाठी आगबोटीत बसून मुंबई गाठलीच पाहिजे, असा काळ आता राहिलेला नाही. बदललेले नाही ते एवढेच, की महाविद्यालयातील नोकरी येथेही पाठीशी आहे.

अशी नोकरी ज्याला नाही, जो आज मालवणच्या बंदरावर पर्यटकांची होडी चालवितो किंवा कुडाळच्या एखाद्या दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री कथा लिहितो, त्याचा विचार आपल्या पंचायतींनी करावयाचा आहे. त्याला सत्कार नको असतो. बसावयास शांत जागा, डोक्यावर चालणारा दिवा आणि वाचावयास चांगली पुस्तके एवढे त्याला पुरते. गावोगावी पंचायतीच्या आवारात वाचनालयाची खोली बांधलेली असते. ती किती वाजता उघडते, किती वाजता बंद होते आणि तिची किल्ली कोणाकडे असते, याची चौकशी उपस्थित सदस्यांनी आपापल्या गावी परतल्यावर करावी. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला सकाळी दहा ते पाच हे तास उपयोगाचे नाहीत. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ ठेवता आली तर पाहावी. ती बदलण्याचा अधिकार ग्रंथालयाच्या समितीलाच असतो.